काकांचं नाक

बडोद्याच्या समा भागातलं ते घर मला माझ्या गाडीमुळे मिळालं, आणि गाडीमुळेच ते जवळजवळ हातचं गेलंही होतं.

बडोद्याला नवी नोकरी लागली तेव्हा ओळखीच्या एका बाईंनी हा पत्ता दिला होता. खाली घरमालक नवराबायको, वर भाड्याच्या दोन खोल्या. मराठी माणसं आहेत, शांत आहेत, असं त्या म्हणाल्या होत्या. मी नाशिकहून माझी सेकंडहँड गाडी चालवत आले आणि भर दुपारी फाटकाशी लावली. पायजमा आणि बंडी घातलेले एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. ते सरळ गाडीपाशी गेले, बॉनेटवर पालथा हात ठेवला आणि लेकराचा ताप बघावा तसे डोळे मिटून उभे राहिले.

"लांबून आलात?"

"नाशिकहून."

"मग आत बसा ने. चहा घ्या. हिला थंड होऊ दे, मग बोलू." ते 'ने' बडोद्याच्या मराठीतलं, गुजरातीतून आलेलं.

मला वाटलं, खोल्यांबद्दल बोलायचंय. चहा झाला, चिवडा झाला, काकूंनी माझ्या घरची सगळी चौकशी केली. गृहस्थ मात्र खिडकीतून गाडीकडेच बघत बसले होते. बऱ्याच वेळाने ते उठले, बाहेर जाऊन परत एकदा हात लावून पाहिला आणि मला बॉनेट उघडायला सांगितलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या प्लास्टिकच्या बाटलीत डोकावून त्यांनी विचारलं, "पाणी घालता? नळाचं?"

होणाऱ्या जावयाला 'दारू घेता का' असं विचारावं, तो सूर. मी म्हटलं, "हो. पाणी ते पाणी."

त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ही पोरगी रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालते!"

आतून काकू म्हणाल्या, "मग खोल्या द्यायच्या नाहीत का?"

"द्यायच्या. नाहीतर हिला शिकवणार कोण?"

अशी मी काकांची भाडेकरू झाले. भाड्याच्या अटी दोनच. फाटकाला कडी लावायची, आणि गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. दुसरी अट त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवली, की मी एकदा कुकरचं झाकण काढतानाही दचकून मागे सरले होते.

त्यांच्या घराण्यात मोटारींचं वेड जुनं. आजोबा संस्थानी नोकरीत होते आणि मोटारखान्याचा कारभार पाहायचे. आजोबांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता, पण मोटारींविषयी मतं मात्र भरपूर होती, आणि वारसाहक्काने घरात तेवढीच आली, असं काकू सांगायच्या. काका स्वतः निवृत्त होईपर्यंत बडोद्यातल्याच गोरव्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांची गाडी म्हणजे एक जुनी, पांढरी, पेट्रोलवरची छोटी गाडी. रोज सकाळी चहाच्या आधी ते तिचं बॉनेट उघडत, बाटलीवरच्या दोन रेघांच्या मध्ये कूलंट आहे ना ते बघत, आणि मग नाक खाली नेऊन दीर्घ श्वास घेत. समोरच्या बंगल्यातले गुजराती भाई दात घासत घासत गच्चीवरून ओरडत, "काका, गाडी छे, गाय नथी!"

काकांचा सगळा भरवसा नाकावर होता. "तापमानाच्या काट्याला उशिरा कळतं," ते म्हणायचे, "नाकाला आधी." कूलंट गळत असलं तर गोडसर वास येतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तो गोड असतो म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, हेही. कुणाच्या गाडीखाली हिरवा थेंब दिसला की काका वाळूची पिशवी घेऊन निघत. वाळू टाकत, ती भरून घेत, फरशी धूत, आणि मगच त्या गाडीच्या मालकाची बेल वाजवत. बेल वाजवल्यावर काय होत असे ते मी सांगत नाही. आपली चूक नसतानाही माफी मागावी असं माणसाला वाटे.

दुसरा वास सडक्या अंड्याचा. तो आला, तर गाडीच्या पोटाखाली जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, धुरातलं विष मारणारा, त्याचं काहीतरी बिनसलंय असं समजायचं. पण आमची सोसायटी कडक शाकाहारी. तिथे अंडं हा शब्द मोठ्याने उच्चारणं बरं दिसत नसे. त्यामुळे काका हे निदान अगदी कानाशी येऊन, कुणाच्या घरची भानगड सांगावी तसं सांगत. काकूंना 'कन्व्हर्टर' म्हणायचा कंटाळा. त्या त्याला 'तो खालचा डबा' म्हणत. काका जेवताना या डब्याविषयी बोलू लागले की काकू आमटी वाढत राहत, मधूनच भाजीवाल्याचा विषय काढत. बिचाऱ्या कुठे ऐकतात, असं मला वाटायचं. काकांनाही तसंच वाटत असावं. तरी ते बोलत, कारण बोलल्यावाचून त्यांना जेवण जात नसे.

या डब्यापायी त्यांनी माझा एकदा जो अपमान केला तो मी अजून विसरलेले नाही. सकाळची वेळ, ऑफिसात महत्त्वाची मीटिंग, आणि माझ्या गाडीची बॅटरी बसलेली. सोसायटीतली चांगली माणसं धावून आली. वॉचमन, समोरचे भाई, दूधवाला, सगळे गाडी ढकलायला मागे उभे राहिले. "बेन, तमे गिअरमां नाखो, अमे धक्को मारीए," भाई म्हणाले. गाडी हलली, वेग घेणार, तोच काका अर्धी दाढी केलेल्या चेहऱ्याने, गालावर साबण घेऊन धावत आले आणि दोन्ही हात पसरून गाडीच्या पुढ्यात उभे राहिले.

"धक्का मारायचा नाही! आधी मला उडवा, मग मारा!"

मी ब्रेक दाबला. मागच्या माणसांची एकमेकांवर आदळाआदळ झाली. मी काच खाली करून किंचाळले, "काका, मला उशीर होतोय!"

"होऊ दे. धक्क्याने चालू केलीस तर न जळलेलं पेट्रोल त्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळेल. आतून वितळेल तो. तुझी मीटिंग परत होईल, तो परत होणार नाही."

मग त्यांनी आपल्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून माझी गाडी सुरू करून दिली. ते काम इतक्या सावकाश केलं, की मी मीटिंगला पोचले तेव्हा लोक समोसे खाऊन हात पुसत होते. मी संध्याकाळी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी श्रीखंड वर पाठवलं आणि आमचं भांडण मिटलं.

समोरच्या भाईंचं हसणं मात्र एका एप्रिलमध्ये थांबलं. सोसायटीत कडुनिंबाची झाडं भरपूर आणि पानगळ त्याहून जास्त. काका रोज खराटा घेऊन आपली गाडी लावायची जागा झाडत. सुकलेल्या पानांवर तापलेली गाडी उभी करायची नाही, खालचा डबा पानं पेटतील इतका तापतो, असं ते जाईल त्याला सांगत. जाणारा "हा हा काका" म्हणून निघून जाई. त्या दिवशी भाई द्वारकेहून आपली मोठी गाडी हाकत आले आणि पानांच्या ढिगावर लावून आंघोळीला गेले. थोड्याच वेळात खालून धूर निघायला लागला. मी गच्चीतून पाहत होते. लोक बादल्या घेऊन धावले, आणि काका त्यांच्यावर ओरडत होते, "गाडीवर पाणी मारू नका! आधी गाडी पुढे घ्या, पुढे!" भाई टॉवेलवर बाहेर आले, गाडी पुढे घेतली, आणि काकांनी धुमसत्या पानांवर बादल्या ओतल्या. पानंच जळली, गाडीला काही झालं नाही. भाई टॉवेलवरच काकांच्या पाया पडायला वाकले. काकांनी त्यांना वरच्यावर धरलं, कारण टॉवेल सुटत आला होता.

हे सगळं येडपटपण आहे असं मी पुष्कळ दिवस समजत होते. मग एकदा काकूंनी मला गोरव्याची गोष्ट सांगितली. काकांच्या जोडीला कारखान्यात एक माणूस होता. पाळी संपत आली, घरी जायची घाई, म्हणून त्याने एका गरम टाकीचं झाकण निवायच्या आधीच उघडलं. वाफेने तोंड भाजलं. तो वाचला, पण आरशासमोर उभा राहीना. काका दर रविवारी सकाळी सायकलवरून त्याच्या घरी जात आणि जिथे दाढी उगवत होती तिथे करून देत. तो जिवंत होता तोवर हे चालू होतं. "अजून मला म्हणतात, 'मी दोन पावलांवर होतो गं,'" काकू म्हणाल्या. "'नुसती हाक मारली असती तरी थांबला असता.'" त्यानंतर काकांच्या ओरडण्याचा मला राग आला नाही असं नाही, पण तो फार वेळ टिकला नाही.

रविवार पुढे दुसऱ्या कामाला लागला. काकूंची थोरली बहीण तरसालीला राहते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना रिक्षात चढता येत नव्हतं. टॅक्सीचा प्रयोग करून झाला, पण टॅक्सीत ती सुगंधी डबी टांगलेली असते ना, तिच्या वासाने काकूंना ओकाऱ्या होत. घरात कुठे काय उतू गेलं, कोणती बरणी उघडी राहिली, हे त्या झोपेतून उठून सांगायच्या, असं तिखट नाक. तेव्हा दर रविवारी काका त्यांना गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घेऊन जायचे. दोघी बहिणी हातात हात घेऊन बसायच्या. काका बाहेर गाडीच्या सावलीत पेपर वाचायचे. गाडी गेली तर त्या दोघींची भेट गेली, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलालाही माहीत होतं. पण एकदा काकांनी सोसायटीच्या फाटकाला गाडी घासली आणि कुणीतरी ते त्याला कळवलं. त्याने फोनवर सांगितलं, "बाबा, आता पुरे. गाडी विकून टाका." मुलगा वाईट नव्हता. घाबरला होता. फोन स्पीकरवर होता आणि मी दूध आणायला खाली आले होते, म्हणून ऐकलं.

काका म्हणाले, "फाटक मध्ये आलं, त्याला मी काय करू? हे बघ. ज्या दिवशी गाडीला काय होतंय ते मला कळणार नाही, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन. तोवर हा विषय काढायचा नाही."

"शब्द?"

"शब्द."

काकांचा शब्द म्हणजे शब्द. आणि त्यानंतर कोरोना आला. दोघंही आजारी पडले, घरीच बरे झाले. मी जिन्यात डबे ठेवत असे. काका उठून फिरायला लागले, सकाळी बॉनेट उघडायला लागले, सगळं पहिल्यासारखं दिसत होतं. एकदा माझ्या गाडीला घाणेरडा वास यायला लागला म्हणून मी त्यांना बोलावलं. इंजिन चालू होतं. काका वाकले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "काही नाही. बराबर आहे."

एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, "अहो, सडक्या अंड्याचा वास येतोय इथपर्यंत."

काका सरळ झाले. माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे वळून हसून म्हणाले, "हिची परीक्षा घेत होतो." मी मान हलवली. संध्याकाळी ते जिना चढून वर आले, पहिल्यांदाच. दारातच उभे राहिले.

"गेलाय," ते म्हणाले. "कोरोनापासून. कॉफी नाही, उदबत्ती नाही, काही नाही. लोकांचा परत येतो म्हणे. माझा आला नाही. मुलाला बोलू नकोस. तिलाही नको."

मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली, की मी उगाचच त्यांना पंखा वाढवू का, असं विचारलं.

काकूंना सांगायची गरजच नव्हती. एकदा खिचडी करपली होती आणि काकांनी ती दोनदा मागून खाल्ली, तेव्हाच त्यांना कळलं होतं. त्यांनी मला हे सांगितलं, आणि वर बजावलं, "त्यांना कळू देऊ नकोस, मला ठाऊक आहे ते." म्हणजे एका घरातली दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती आणि दोघांचं गुपित माझ्याकडे. पूर्वी काकू गाडीत बसल्या की काच वर करून डोळे मिटायच्या. आता पुढच्या सीटवर काच खाली करून ताठ बसत. काही वेगळा वास आला की पदर नाकाला लावत. काका डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते बघत आणि, "जरा तपासून घेतो," म्हणून गाडी बाजूला घेत. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं आणि रविवार निभावत होते.

मग मुलगा आला. एप्रिलच्या शेवटी, सुट्टी काढून. रविवारी तरसालीला मीही येतो, म्हणाला. सगळ्यांना कळलं की ही परीक्षा आहे. काकूंनी मला सोबत यायला लावलं. "बापलेक भांडले तर मला कुणीतरी हवं," असं म्हणाल्या. पण खरी अडचण निघताना झाली. मुलगा सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसला. काकूंना माझ्याशेजारी मागे बसावं लागलं, काकांच्या पाठीमागे. काका आरशात बघत होते, पण आरशात मी दिसत होते.

जाताना काही झालं नाही. काका नको तितके नीट चालवत होते. परतताना मकरपुऱ्याच्या बाजूला काकूंनी पदर नाकाला लावला. काका मुलाला थर्मोस्टॅट समजावून सांगत होते. काकू खोकल्या. परत खोकल्या. काका म्हणाले, "पाणी पी ने." मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. बोलावं तर नवऱ्याची लाज जाते, न बोलावं तर गाडी जाते.

मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, गाडी बाजूला घ्या. गोड वास येतोय."

"कसला वास? मला नाही येत," मुलगा म्हणाला. "काटा तर ठीक आहे."

काकांनी एक प्रश्नही विचारला नाही. एसी बंद केला, इंजिनातली उष्णता ओढून घ्यायला हीटर पूर्ण सोडला. एप्रिलच्या उन्हात हीटर! मुलगा म्हणाला, "बाबा, इथेच थांबवा ना!" काका म्हणाले, "इथे सुकं गवत आहे," आणि हळूहळू थोडं पुढे, उघड्या डांबरावर नेऊन गाडी बंद केली. तोवर काटा चढायला लागलाच होता. आम्ही उतरलो. पुढच्या बाजूने हिरवे थेंब पडत होते.

मुलाने बॉनेट उघडलं, खिशातला रुमाल काढला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. लहानपणापासून या माणसाच्या घरात वाढलेला मुलगा! घाईत माणसाचा हात तिथेच जातो. काकांनी त्याचं मनगट धरलं आणि असे ओरडले की रस्त्यावरचा एक स्कूटरवाला थांबला. मग मनगट सोडलं आणि हळू म्हणाले, "निवू दे. वाफेला घाई दाखवायची नाही."

आम्ही झाडाखाली बसलो. इंजिन निवल्यावर काकांनी फडकं धरून झाकण सावकाश सोडलं. वरच्या पाइपाची पट्टी सैल झाली होती, ती स्क्रू ड्रायव्हरने आवळली. डिकीतलं कूलंट ओतलं, गाडी चालू करून थेंब पडतो का पाहिलं, बंद केली. हात पुसले. आणि मुलासमोर उभे राहून किल्ली पुढे केली.

"वास मला आला नाही," ते म्हणाले. "कोरोनापासून येतच नाही. तुला शब्द दिला होता."

मुलाने किल्ली घेतली. त्याचाही चेहरा बघवत नव्हता. "बाबा, निदान सांगायचं तरी—"

"तो शब्द यांनी एकट्याने दिला होता," काकू मध्येच म्हणाल्या. "गाडीत आम्ही दोघं बसतो."

"आई, पण तुला त्यातलं काय कळतं?"

काकू उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून बोलल्या. "गोड वास आला तर कूलंट गळतंय. सडक्या अंड्याचा आला तर त्या खालच्या डब्याचं बिनसलंय. सकाळी गार असताना दोन रेघांमध्ये बघायचं. नळाचं पाणी घालायचं नाही. धक्का मारायचा नाही, न जळलेलं पेट्रोल डब्यात जातं. पाचोळ्यावर लावायची नाही. सांडलं तर कुत्री चाटतात, वाळू टाकायची. आणखी सांगू?"

काका काकूंकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बावरलेलं पाहिलं नव्हतं.

"तू ऐकत होतीस?" त्यांनी विचारलं.

"एवढा मोठा आवाज तुमचा. न ऐकून जाते कुठे?"

काकांनी चष्मा काढला आणि कूलंटच्या त्याच फडक्याने पुसायला लागले. मी ते फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि माझी ओढणी दिली.

मुलगा किल्लीकडे बघत उभा होता. मग त्याने ती काकूंच्या हातात ठेवली, त्यांना दंडाला धरून उठवलं, पुढचं दार उघडून बसवलं, आणि स्वतः मागे माझ्याशेजारी येऊन बसला. काकूंनी काच खाली केली आणि किल्ली काकांना दिली. गाडी सुरू झाली.

थोडं पुढे गेल्यावर काकांनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "येतोय का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "चला."